पंख्यातला दोर

४ मे
पोचलो एकदाचे! बेट दिसलं तसा ह्यांनी भोंगा असा काही वाजवला, की जणू लढाई जिंकून आलोय. मरीना इवलीशी आहे. लाकडी जेट्टीला मोजक्या बोटी, टोकाला पाण्याचा नळ, आणि चढावर एक दुकान, ज्यात बटाट्यांपासून बॅटरीपर्यंत सगळं मिळतं. हिवाळ्यापर्यंत इथेच मुक्काम.

निवृत्तीनंतर लोक बागेत रमतात, आमच्या ह्यांनी जुनी मोटर यॉट घेतली. आयुष्यभर पंप दुरुस्त केले. इंजिनाशी जेवढं बोलतात तेवढं माझ्याशी बोलत नाहीत. आज जेवताना मीठ कमी म्हणून कुरकुरले, उशी मऊ म्हणून कुरकुरले आणि पाय पसरून घोरायला लागले. म्हणजे स्वारी खुशीत आहे.

८ मे
केबिनला पडदे शिवून लावले. हे म्हणाले, बोट आहे की बाहुलीचं घर? पण दुपारी पडदा ओढून झोपले तेच!

शेजारच्या बोटीवर एक म्हातारं जोडपं आहे. गृहस्थ कायम टोपी घालतात, म्हणून आम्ही त्यांना टोपीवाले म्हणतो. बायको गोड हसून हात हलवते, पण बोटीवरून कधी उतरत नाही. केस सदा ओले. मी म्हटलं, बाईंना पोहायची भारी हौस दिसते. टोपीवाल्यांनी विषयच बदलला.

लेकीचा फोन आला. ह्यांचं ठरलेलं वाक्य, "बरंय ना? घे, आईशी बोल." झालं बाप-लेकीचं संभाषण.

१३ मे
जीव अजून थाऱ्यावर नाही.

सकाळी इंजिन चालू केलं आणि बोटीच्या पंख्यात कुठलासा जुना दोर गुंतला. हे सुरी घेऊन पाण्यात उतरले. श्वास घ्यायला वर आले तेव्हा माझ्यावरच खेकसले, "अगं, अशी काय बघत बसलीस? टॉवेल काढून ठेव!" परत खाली गेले ते येईनातच. बुडबुडे थांबले. मला पोहता येत नाही. मी नुसती किंचाळत होते. टोपीवाले धावत आले.

आणि मग पलीकडच्या बाजूने शिडी चढून हे वर आले. हसत. मी रडत रडत त्यांना वाटेल ते बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. उलटून एक शब्द नाही.

टोपीवाले मात्र जवळ आले नाहीत. जेट्टीवर मटकन बसले आणि तोंड ओंजळीत लपवलं.

१७ मे
ह्यांना धसका बसलाय बहुतेक. हात गारच असतात. चहाचा कप धरून बसतात, कप तसाच भरलेला राहतो. मी आज भाजीत मुद्दाम मीठ घातलं नाही. म्हणाले, "छान झालीय." रात्री घोरत नाहीत. ती शांतता मला सोसवत नाही.

लेकीशी तासभर बोलले. मग तिने मला रडतच सांगितलं, "आई, बाबांनी पहिल्यांदा विचारलं गं, मी सुखात आहे का म्हणून."

मला आनंद व्हायला हवा ना? मग मी ह्यांच्याकडे चोरून का बघतेय?

२० मे
ओहोटी होती, पाणी नितळ. छोट्या रबरी होडीत बसून मी बोटीची मागची बाजू घासत होते. सहज खाली बघितलं.

पंख्याला दोर तसाच आहे. दोरात मनगट अडकलंय. मनगटावर मी साठीला दिलेलं घड्याळ. केस पाण्याबरोबर हलत होते. डोळे उघडे. माझ्याकडेच —

तेवढ्यात डेकवरून आवाज आला, त्यांचाच. "काय बघतेस गं?"
मी म्हटलं, "शेवाळ."
"असू दे," तो म्हणाला. हे कधी असं म्हणाले असते? शेवाळ दिसलं की ह्यांचा पारा चढायचा.

२१ मे
टोपीवाल्यांना गाठलं. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. त्यांची बायको दोन वर्षांपूर्वी बुडाली आणि त्याच दुपारी शिडी चढून वर आली. म्हणाले, ती ज्या बोटीखाली राहिली, त्या बोटीशीच बांधलेली आहे. बोट निघाली की वर आलेलीलाही तिच्याबरोबर जावं लागतं, आणि बेट दिसेनासं झालं की ती नाहीशी होते.
"मग तुम्ही जात का नाही?" मी विचारलं.
"ती समोर बसते ना," ते म्हणाले. "मला तेवढं पुरतं."
मग हळूच सांगितलं, अशा वर आलेल्यांना एकटं करमत नाही. मुलगा आईला भेटायला आला होता. ती त्याला पोहायला घेऊन गेली. मुलगा आता फार गोड बोलतो.

मी बोटीवर परतले. तो माझी वाट बघत होता. माझी चप्पल सरळ करून ठेवली होती. छत्तीस वर्षांत ह्यांनी — नाही. लिहवत नाही.

२२ मे
त्याने लेकीला बोलावलंय. नातीला घेऊन ये म्हणाला, पोहायला शिकवतो. परवाच्या फेरीबोटीने येताहेत.

दुकानदाराला सांगितलं, बोटीखाली माझा नवरा आहे. दुकानदाराने खिडकीबाहेर बोट दाखवलं. तो डेकवर उभा राहून आम्हाला हात हलवत होता. दुकानदार म्हणाला, बाई, जरा विश्रांती घ्या.

२३ मे
लेकीला फोन केला. येऊ नकोस म्हटलं, पाया पडते म्हटलं. ती म्हणाली, "बाबांनी सांगितलंय, तू असं बोलशील. आई, तू घाबरू नकोस. आम्ही येतोय ना."

लांब काठीने दोर सोडवायला गेले. काठी पोचते, पण दोर सुटत नाही. ह्यांचा सदरा तेवढा हलला. किती वेळ बोलत बसले त्यांच्याशी. कुरकुरा हो, म्हटलं. एकदा तरी खेकसा माझ्यावर.

२४ मे
फेरीबोट दिसतेय. तो मागच्या डेकवर शिडी खाली सोडतोय. गाणं गुणगुणतोय. ह्यांना गाणं येत नाही.

जेट्टीचे दोर सोडले मी. त्याला अजून कळलेलं नाही. सुकाणूच्या चाकापाशी बसलेय. किल्ली हातात. इंजिन चालू केलं की पंखा फिरेल. पंख्यात ह्यांचा हात —

हात धजत नाही म्हणून लिहितेय.

फेरीबोटीच्या कठड्याशी नात. ओरडतेय, आजोबा, आजोबा —

त्याने मागे वळून बघितलं. कळलं त्याला. येतोय. "अगं," म्हणतोय, किती मायेने —

अहो, डोळे मिटून घ्या. मी आता —