काचेच्या दाराआतली खोली

मंगळवार, ९ एप्रिल

सूनबाई,

शनिवारी पोरीला, आपल्या बटणला, तुझ्या हाती दिलं आणि तू "आई, झालं काय?" म्हणून विचारत असतानाच मी टॅक्सीत बसून निघून आले. म्हणून हे पत्र लिहावं लागतंय. मी आयुष्यभर हॉस्पिटलात मेट्रन होते. एकाही नर्सला अर्धवट चार्ज देऊन घरी जाऊ दिलं नाही. जाणारीने येणारीला प्रत्येक खाटेपाशी उभं राहून सगळं तोंडाने सांगायचं, येणारीने ते परत म्हणून दाखवायचं, मगच वॉर्ड सोडायचा. "बाकी सगळं ठीक" हे वाक्य माझ्याकडे चालत नसे. आणि शनिवारी तेच वाक्य तुझ्या तोंडावर फेकून मी पळाले.

"सूनबाई" हा शब्द कागदोपत्री आता बरोबर नाही. दुसरा सापडला नाही, तेव्हा हाच चालवून घे. खोकला गेला नसेल तर अंगावर काढू नकोस. माझा गुडघा होता तसाच आहे.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते. बंदरावर, काचेच्या दाराशी तू विचारलं होतंस, "या खोलीत असं आहे तरी काय, जे मला आत येऊन बघतासुद्धा येऊ नये?" दारावरची मुलगी ओशाळली. तिचा दोष नाही. सुइटवाल्या प्रवाशांचं कार्ड नसेल तर कुणाला आत सोडायचं नाही, असा तिला हुकूम. तू रागाने बोललीस, पण प्रश्न रास्त होता. बोटीवर चढण्याआधी दोन-तीन तास बसायला वेगळी खोली मिळावी म्हणून माणसं एवढा पैसा मोजतात, तो कशासाठी? मी बसून आले आहे, तेव्हा सांगते.

गालिचा इतका जाड की चपलेचा आवाज होत नाही. मला ते आवडलं नाही; मागून कोण येतंय ते कळत नाही. खुर्च्या खोल. बसलं की माणूस बुडतो आणि उठायला कुणाचा तरी हात मागावा लागतो. सुइट घेणारी माणसं बहुतेक माझ्या वयाची, आणि खुर्च्या निवडणारा बहुधा पंचविशीचा असावा. पांढऱ्या कोटातला एक मुलगा चिमट्याने गरम ओले रुमाल वाटत हिंडत होता. सँडविच अंगठ्याएवढी. बटणने चार खाल्ली आणि विचारलं, "आजी, ही बाहुल्यांची आहेत का?" कॉफी बरी होती. शेजारी एक गृहस्थ तोंड उघडं टाकून घोरत होते. त्यांची बायको थोड्या थोड्या वेळाने त्यांना कोपराने ढोसून म्हणायची, "अहो, पैसे भरलेत. जागे राहा."

रांग नाही, हे खरं. खालच्या मोठ्या हॉलमधली गर्दी काचेतून दिसत होती: रडणारी पोरं, फुटलेल्या पिशव्या, नंबर पुकारणारा माणूस. वरून बघताना आपण त्यांच्यापेक्षा कुणीतरी बरे आहोत असं वाटायला लागतं. माझ्या मते पैसे त्याचेच घेतात.

तेवढ्यासाठी पैसे मोजावेत का, तर माझं उत्तर साफ 'नाही' असं आहे. कॉफी घरी मिळते. पण उत्तर तेवढंच नाही.

आठवडाभराच्या बोटसहलीसाठी दाराशी तू बटणचा चार्ज दिलास, तो मी अजून म्हणून दाखवू शकते. सकाळी दूध आणि अर्धं केळं. खालचा पुढचा दात हलतोय, ओढायचा नाही. नव्या बुटांनी डाव्या टाचेला फोड आलाय. झोपताना दिवा लागतो. पुढच्या शनिवारी दुपारी याच दाराशी परत. माझी तुझ्याबद्दल बाकी काय तक्रार असेल ती असो, चार्ज तू माझ्या हाताखालच्या कित्येकींपेक्षा चांगला देतेस. तुम्हा नवरा-बायकोला एकमेकांचं तोंड बघायचं नाही म्हणून दोन वर्षं पोरीची ने-आण माझ्यामार्फत चालली आहे, आणि त्यात कधी एक मोजासुद्धा हरवला नाही. बटणने "चार्ज घेतला!" म्हणून सलाम ठोकला. तिचा बाप तेव्हा आत खिडकीशी पाठ करून फोनवर बोलत होता.

मग निळ्या कोटातली एक बाई आली. त्या खोलीत नोकरमाणसं उभ्याने बोलत नाहीत. खुर्चीशी गुडघा टेकतात आणि कानाशी लागल्यासारखं बोलतात. ती म्हणाली, "मॅडम, आधीच माफी मागते. परतीच्या प्रवासात आपल्याला हे लाउंज मिळणार नाही."

"का? मी काय सांडलं?"

ती हसली. "तसं नाही मॅडम. परतीला आपण एकट्याच आहात ना, म्हणून आपल्यासाठी साधी केबिन घेतलेली आहे. सर आणि छोट्या मॅडम चौथ्या बंदरावर उतरतात, तिथपर्यंतच सुइट आहे. आपली गैरसोय होईल, म्हणून आत्ताच कानावर घातलं."

"पुन्हा सांगा," मी म्हटलं. सवयच ती.

तिने पुन्हा सांगितलं. शब्दाला शब्द तोच.

आता बघ. खाली रांगेत उभी असते तर हे मला कुणीही सांगितलं नसतं. तिथे तिकीट बघतात आणि पुढे ढकलतात. वर मात्र परत येताना म्हातारीला मऊ खुर्ची मिळणार नाही याचं वाईट वाटून घ्यायला पगारी माणूस ठेवलंय. सुइटचे पैसे बटणच्या बापाचेच होते. त्याच पैशांनी त्याला उघडं पाडलं.

भिंतीला माशांची मोठी टाकी होती. बटणला म्हटलं, मासे मोजून ये. हलणारे मासे मोजायला वेळ लागतो. मग त्याला हाक मारली.

"परतीला मी एकटी कशी?"

त्याने आधी निळ्या कोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आई, हळू."

"हळूच बोलतेय. उत्तर दे."

"बोटीवर सांगणारच होतो तुला. तिथं काम मिळालंय मला. घर बघितलंय, शाळा बघितली आहे. एकदा ती तिथं रुळली की..."

"तिच्या आईला कधी सांगणार होतास?"

"कळवलं असतं."

"कधी ते विचारतेय मी."

रुमालवाला मुलगा आमच्यापाशी आला, आमचे चेहरे बघून तसाच पुढे गेला.

"आणि मला कशाला आणलंस?"

लहानपणापासून त्याची एक खोड आहे. कोंडीत सापडला की खरं बोलतो. म्हणाला, "तू होतीस म्हणून तिने पोरीला सोडलं. माझ्या एकट्याबरोबर पाठवलंच नसतं."

ते वाक्य मी तीन दिवस उलटंपालटं करून बघतेय. चूक सापडत नाही.

त्याचा आवाज चढला की घरातल्या कपाटाच्या काचा वाजायच्या, हे तुला सांगायला नको. त्या खोलीत त्याला ओरडता येईना. तिथे सगळे इतके दबक्या आवाजात बोलतात की मोठ्याने बोलणाऱ्याला स्वतःचीच लाज वाटावी. म्हणून आम्ही मायलेक कुजबुजत भांडलो. हाही त्या खोलीचा फायदाच धर.

"मी बाप आहे तिचा."

"आहेस. पण पोरगी तिने तुझ्या हातात दिलेली नाही, माझ्या दिली आहे. परत कधी द्यायची तेही ठरलंय."

"हा काय तुझा वॉर्ड आहे?"

"हो."

"तू माझी आई आहेस की तिची?"

याचं उत्तर त्याला माहीत आहे. "पासपोर्ट काढ," म्हटलं.

त्याने बटणचा पासपोर्ट खिशातून काढला, टेबलावर ठेवला आणि वर पंजा दाबून बसला. मी थांबले. पेशंटच्या मुठीत काही असेल तर हिसकावायचं नसतं. तेवढ्यात बटण तोंडाचा चंबू करून आली. मासे राहिले बाजूला. दात नुसता एका बाजूने लटकत होता. "बाबा, बघा, बघा," करायला लागली. त्याने दोन्ही हात पुढे केले. एका हाताने हनुवटी धरली, दुसरा तिच्या ओठांखाली धरला. "जिभेने ढकल. हळू. मी ओढत नाही, शप्पथ," म्हणाला. तिने ढकललं आणि दात त्याच्या तळहातावर पडला.

पासपोर्ट टेबलावर तसाच होता. मी उचलला. त्याने मी उचलताना पाहिलं, आणि हात पुढे केला नाही. गरम रुमालाने तिचं तोंड पुसलं, दात कोरड्या रुमालात बांधून माझ्या हातात दिला आणि तिला म्हणाला, "जा, आजीबरोबर जा. आईला खिडकी दाखव." तोंडातल्या फटीला तो खिडकी म्हणतो, हे मला माहीत नव्हतं.

मग नावं न पुकारता, एकेका खुर्चीशी जाऊन, सगळ्यांना बोटीवर चढायला सांगितलं. तो एकटा चढला. त्याने मागे वळून पाहिलं नाही असं लिहिलं असतं तर तुला बरं वाटलं असतं. पाहिलं. दोनदा.

सुइटवाल्यांचं सामान सगळ्यांच्या आधी चढवतात, ही आणखी एक सोय. त्यामुळे बटणची मोठी बॅग बोटीवर गेली आणि माझीही. मी तिच्या टाचेची पट्टी बदलली, दारावरच्या मुलीला कार्ड परत केलं आणि खाली आले. तू गेली नसशील हे मला ठाऊक होतं. खांबाशेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसलेली तू मला मघापासून काचेतून दिसत होतीस. तुझ्यासमोर बटणला उभं केलं. "बेत बदलला. बाकी सगळं ठीक," म्हटलं आणि निघाले.

का सांगितलं नाही, हे आता सांगते. तिथे बोलले असते तर तू जे बोलली असतीस ते पोरीने ऐकलं असतं, हे एक कारण. ते खरं आहे, पण पुरेसं नाही. बोट तेव्हा धक्क्यालाच होती. तू पोलीस बोलावले असतेस, आणि बोलवायलाच हवे होते. शंभर माणसांसमोर त्याला खाली उतरवलं असतं. मला ते बघायचं नव्हतं. टॅक्सी पुलावर आली तेव्हा बोट सुटलेली दिसली, आणि मला हायसं वाटलं. हे मी लपवून ठेवणार होते. पण चार्ज अर्धा ठेवता येत नाही.

त्यानंतर त्याचा एकच निरोप आला: "दात कुठे ठेवलास?" मी अजून उत्तर दिलेलं नाही.

तुझ्या वकीलबाईंनी हे पत्र वाचलं तर काय होईल, ते मला समजतं. त्याला पोरगी भेटेल तेव्हा खोलीत तिसरं माणूस बसवतील, आणि ते तिसरं माणूस मी नसेन. पत्र दाखवायचं की नाही ते तू ठरव. माझ्यासाठी म्हणून थांबू नकोस. त्याच्यासाठी म्हणूनही नको.

यापुढे बटणला माझ्याकडे पाठव, असं मी म्हणणार नाही. जिच्या भरवशावर पोरगी पळवून नेता येते, अशा बाईच्या हातात मी स्वतः चार्ज दिला नसता. कधी दिलास तर घेईन. परत म्हणून दाखवीन.

बटणला विचार, टाकीत मासे किती होते. मोजून झाले नाहीत म्हणून हिरमुसली होती.

बटणची आजी

शनिवारी टर्मिनलच्या हॉलमध्ये, खांबाजवळच्या खुर्चीशी सोपवलेलं: मुलगी एक, ताप नाही, पोट भरलेलं, डाव्या टाचेचा फोड फुटलेला, पट्टी नवी. पासपोर्ट, तिच्या पाठपिशवीच्या आतल्या कप्प्यात; अजून पाहिला नसशील तर आज पाहा आणि तुझ्या कुलपात ठेव. मोठी बॅग येणं बाकी. आली की तुझ्या दाराबाहेर ठेवून जाईन, बेल वाजवणार नाही.

आज या पाकिटातून सोपवलेलं: दात एक, लाउंजच्या रुमालात. कुणी ओढलेला नाही. आपणहून, बापाच्या तळहातावर पडला. पत्र एक, सहीनिशी. प्रत ठेवलेली नाही.