मसाई पठारावरचं धुकं

बाई, तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली. मागच्या आठवड्यात माझ्या मुलीच्या शाळेतून चिठ्ठी आली, सहल मसाई पठारावर जाणार म्हणून, आणि सही करताना माझा हात अडला. तेव्हापासून मनात तुमच्याशीच बोलणं चाललं आहे. शेवटी आज लिहायला बसले.

मी दहावीत होते, तुमच्या इतिहासाच्या वर्गात. श्रावणातला रविवार. सहलीला चार मुलींनी नावं दिली होती, पण आभाळ बघून तिघी आल्याच नाहीत. हातकणंगल्याच्या स्टँडवर तुम्ही साडीखाली कॅनव्हासचे बूट घालून उभ्या होतात. दोघी तर दोघी, म्हणालात. आधी लेणी बघायची, मग कोल्हापुरात अंबाबाईचं दर्शन घ्यायचं आणि दिवे लागायच्या आत घरी. पन्हाळ्याहून वडापच्या जीपमध्ये इतर प्रवाशांबरोबर आपण कोंबून बसलो आणि पुढे चिखलातून चालत पठाराखालच्या लेण्यांपाशी पोचलो. आत ओल होती, छतातून पाणी ठिबकत होतं. भिक्षूंच्या दगडी ओट्यावर बसून आपण चपाती आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. मग तुम्ही माझी बोटं धरून भिंतीवरच्या छिन्नीच्या खुणांवरून फिरवलीत. इतिहास वाचायच्या आधी चाचपायचा असतो, म्हणालात. मला मात्र त्या काळोख्या खोल्यांची धास्ती वाटत होती आणि ती तुम्हाला कळू नये म्हणून मी उगाच बडबडत होते.

वर पठारावर आलो तेव्हा लख्ख दिसत होतं. नुसतं गवत, एक झाड नाही. दहा मिनिटांत धुकं आलं. इतकं दाट की छत्रीचा दांडा दिसत होता, टोक दिसत नव्हतं. पायवाट कधी सुटली तेही कळलं नाही. तुम्ही माझे खांदे धरून म्हणालात, "इथनं हलायचं नाही. मी वाट शोधून येते. हाक मारीन, तू नुसती ओ दे."

तुम्ही चार पावलं गेलात आणि पुसल्यासारख्या नाहीशा झालात. मी उभी आहे. किती वेळ, कुणास ठाऊक. कानात वारा भरतोय. तुमची हाक येते, पण ती डावीकडून येते की मागून, काही कळत नाही. मी ओ देते, तर माझाच आवाज मला परका वाटतो. पुन्हा हाक येते, आता आणखी लांबून. तुम्ही मला सोडून निघालात असंच मला वाटतं, आणि मी पळत सुटते. गवतावरून, मग ओल्या जांभ्या दगडावरून. रडतेय हेही मला ठाऊक नसतं. तेवढ्यात अगदी जवळून एका बाईचा आवाज येतो, मोठा पण शांत. "ए पोरी, पाय उचलू नगंस. म्होरं काय न्हाय."

मी गोठून उभी राहिले. घोंगडं पांघरलेली एक म्हातारी धनगरीण आली आणि तिनं माझ्या दंडाला धरून मला मागं ओढलं. वाऱ्यानं धुकं जरा हललं तेव्हा मी जिथं पाऊल टाकणार होते तिथं खाली दरीतल्या झाडांचे शेंडे दिसले. मला तिथंच उलटी झाली.

तिनंच आपली गाठ घालून दिली. मला शोधताना तुम्ही पडला होतात. तळहात सोलला होता, गुडघ्यापाशी साडी रक्तानं भिजली होती. तुम्ही मला मारलं नाहीत, ओरडलाही नाहीत. माझं तोंड दोन्ही हातांत धरून नुसत्या बघत राहिलात. मोठ्या माणसाला इतकं घाबरलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

तरीही तुम्ही कोल्हापूरला नेलंतच. देवळातल्या रांगेत, त्या काळ्या खांबांच्या गर्दीत, मी तुमचा पदर मुठीत धरून ठेवला होता. कुणाचा धक्का लागला की पायाखालची फरशी सरकल्यासारखी वाटायची. दर्शन झाल्यावर ओवरीत बसून तुम्ही हळूच म्हणालात, "घरी खरं काय ते सांग. मी येऊन सांगेनच, पण आधी तुझ्या तोंडून गेलेलं बरं."

मी सांगितलं नाही. चिखलानं माखलेले माझे कपडे बघून माझ्या वडिलांनी, अप्पांनी, पट्ट्याला हात घातला. ते मारतील या भीतीनं मी म्हणाले, बाई मला एकटीला टाकून पुढे गेल्या. एवढंच. थांबायला सांगितलं होतं, ते गिळलं.

दुसऱ्या दिवशी अप्पा शाळेत आले. हेडमास्तरांच्या खोलीत सगळे उभे होते, मी दाराशी. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. रागानं नव्हे, वाट बघितल्यासारखं. मी मान खाली घातली. मग तुम्ही म्हणालात, "चूक माझी. मुलगी माझ्या जबाबदारीवर होती." त्यानंतर तुम्हाला कधी मुलींना कुठं नेऊ दिलं नाही. तुम्ही नकाशे भिंतीला लावून शिकवत राहिलात. दहावीच्या निरोप समारंभाला माझ्या पाठीवर हात ठेवलात, तेव्हाही मी बोलू शकले असते. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा माझ्या मनात दुःखाआधी सुटकेसारखं काहीतरी आलं. त्याची मला त्या दरीपेक्षा जास्त भीती वाटते.

मुलीच्या चिठ्ठीवर मी सही केली. अप्पा आता ऐंशीच्या घरात आहेत, माझ्याकडेच असतात. सहलीचं ऐकून काल जेवताना म्हणाले, "मास्तरीण नीट बघून घे. तुझ्या वेळची ती बाई बेजबाबदार होती." माझी मुलगी माझ्या तोंडाकडे बघत होती. अप्पा आता हात उगारू शकत नाहीत, त्यांना नीट उभंही राहता येत नाही.

आणि बाई, मी मान डोलावली.