सुया ओवायला ये

प्रिय भुणभुणे,

पत्र बघून दचकू नकोस, कुणी मेलेलं नाही. फोन केला असता, पण फोनवर तू "हो आजी, हो आजी" करतेस आणि मागे तुझी बोटं टकटकत असतात ते मला ऐकू येतं. शिवाय रविवारपासून तू फोन उचलत नाहीस. बापाचा नाही ते समजलं, माझाही नाही. भांडण तुमचं आणि अबोला मला, हा कुठला न्याय? चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, चुका काढत बसू नकोस. तुझा बाप कामावर गेलाय. तो यायच्या आत हे लिहून, चिकटवून कोपऱ्यावरच्या पेटीत टाकायचंय, म्हणून माझा एक डोळा कागदावर आणि एक दारावर आहे. ओळी वाकड्या गेल्या तर त्या डोळ्यांना बोल लाव.

आधी बातमी सांगते. पिवळा डबा जातोय. जुनी यंत्रं जमवणारा तो टोपीवाला, ज्याच्याशी तुझा बाप तासन्‌तास फोनवर वायरींबद्दल बोलतो, तो शनिवारी येऊन डबा घेऊन जाणार आहे. सोबत कॅसेटींचं खोकं, सुटे भाग, भिंग, सगळंच. फुकट. तुझ्या बापाने त्याला काल फोन केला तेव्हा मी भाजी निवडत होते. बोलताना आवाज असा, की जणू रद्दी द्यायची आहे. टोपीवाल्यालाच खरं वाटेना, पलीकडून तो सारखा "नक्की ना? नक्की ना?" करत होता. फोन ठेवल्यापासून तुझा बाप एका जागी बसलेला नाही. उठतो, कपाट उघडतो, काही न घेता बंद करतो. त्याचं बघून मलाही तेच झालंय. आज सकाळपासून शिलाई मशीनचं झाकण मी किती वेळा काढलं आणि घातलं, देव जाणे.

तो डबा घरात आला तेव्हा तू दाराच्या कडीला हात पुरत नाही एवढी होतीस. तुझी आई गेली त्यानंतरचा उन्हाळा. तुम्हा दोघांना एकमेकांशी काय बोलावं ते कळत नव्हतं. तू कोपऱ्यात बसून माशीसारखी भुणभुण करायचीस, तो भिंतीकडे बघायचा, आणि मी मधे बसून लोकांच्या शर्टांना बटणं लावायचे. मग एका बंद पडलेल्या ऑफिसातून तो हे ध्यान घेऊन आला. कीबोर्डाच्याच पोटात अख्खा कॉम्प्युटर, रंग म्हाताऱ्याच्या दातांसारखा. कॅसेट लावली की असा किंचाळायचा, की खालच्या मजल्यावरचा माणूस वर येऊन म्हणाला, "मांजर सोलताय का?" आणि तू हसलीस. किती महिन्यांनी हसलीस ते तुझ्या बापाने बघितलं आणि मी त्याच्याकडे बघितलं. त्या दिवसापासून या घरात दोनच विषय उरले, डबा का बंद पडला आणि डबा कसा चालू झाला. पण विषय होते, हे काय कमी झालं?

तेव्हापासूनचा तुमचा रिवाज. जोडून सुट्टी आली की डबा उघडायचा, काहीतरी काढायचं, काहीतरी घालायचं, शेवटचा डाग त्याने द्यायचा आणि बटण तू दाबायचं. तुम्ही त्याला सोल्डरिंग म्हणता. मी आपली कथलाचा डागच म्हणते. धूर तोच, वास तोच, आणि माझ्या चांगल्या चादरीला पडलेली भोकंही तीच. तू नोकरीला लांब गेलीस तरी हे चुकवलं नाहीस. बाकीच्या मुली सुट्टीला माहेरी येऊन झोपा काढतात, तू येतेस ती पाठीवर कासवासारखी पिशवी बांधून, आणि पिशवीत कपडे कमी, वायरी जास्त.

जरा थांब, जिना वाजला.

नाही, वरची बाई होती. चपला घासत चालते, मेली, उगाच जीव वर येतो.

तर शुक्रवारी तू आलीस. पहिले दोन दिवस तुम्ही दोघांनी त्या टेबलाशी बसून जे काही चालवलं होतं ते मी बटणं लावता लावता सगळं ऐकलं. पहिला माऊस लाकडाचा होता म्हणे. कुठल्या तरी मोठ्या यंत्रात खरोखरचा पतंग अडकून बसला होता आणि त्या शिकल्यासवरल्या लोकांनी तो चिकटपट्टीने वहीत चिकटवून ठेवला. आमच्याकडे किडा सापडला तर चपलेने मारतात, त्याची वही करत नाहीत. मग ती कॉफीची गोष्ट. पलीकडच्या खोलीत कॉफी शिल्लक आहे की नाही हे उठून बघायला नको म्हणून मोठमोठ्या विद्वानांनी किटलीवर कॅमेरा लावला! इतका आळस करायला केवढं शिकावं लागत असेल. आणि ते यान, सूर्यमालेच्या पार पलीकडे गेलेलं, त्याची आठवण ठेवायची ताकद म्हणे गाडीच्या किल्लीपेक्षाही कमी. मी म्हटलं, कमी आठवतं म्हणूनच एवढं लांब जाऊ शकलं असेल. तू हसून टेबलावर हात आपटलास, तुझा बाप नुसता माझ्याकडे बघत राहिला.

पण भुणभुणे, तुला एक गोष्ट खटकली नाही? ह्या सगळ्या गोष्टी कोण सांगत होतं? तुझा बाप. जो माणूस डबा उघडला की तोंडाला कुलूप लावतो, "चिमटा दे", "उजेड धर" यापलीकडे ज्याच्या तोंडून शब्द फुटत नाही, तो दोन दिवस रेडिओसारखा वाजत होता. एक गोष्ट संपली की लगेच दुसरी. तू काम करत होतीस आणि तो पाठीमागे काखेत हात घालून शाळेतल्या मास्तरासारखा उभा. तू म्हणालीस, "बाबा, ह्या कपॅसिटरच्या छोट्या ढोलक्या तुम्ही लावा ना, माझ्या जरा तिरक्या बसतात." तर म्हणाला, "तुझे डोळे तरुण आहेत, तूच लाव. आता तू उस्ताद." तू केवढी फुललीस तेव्हा. मला कान टवकारून बसलेलं तुम्ही दोघांनीही पाहिलं नाही. त्याच्या हातातून स्क्रू पडला तर म्हणतो, हल्लीचे स्क्रूच हलके. कप द्यायला गेले तर म्हणे, अर्धाच दे, आणि तोही ठेवून दिला, तू स्वयंपाकघरात गेलीस तेव्हा दोन्ही हातांनी धरून प्यायला. गारढोण. साय धरलेला चहा समोर आला की तोंड वेंगाडणारा माणूस तो.

मग रविवार. सगळं लागलं होतं, एकच डाग राहिला होता. तू डाग द्यायची गरम गन त्याच्यापुढे धरलीस. तो म्हणाला, "तूच दे." तू म्हणालीस, "नाही, शेवटचा तुमचा." तो म्हणाला, "दे गं, काय पोरखेळ लावलाय." तुझा पारा तिथेच चढला. गन धरून उभी राहिलीस, हटेनास. आणि तेव्हा तो ते बोलला. "मला यात आता रस नाही. तुझ्यासाठी करत होतो इतकी वर्षं. घेऊन जा, नाहीतर भंगारात देतो." मी सुई बोटात टोचून घेतली. तू किती शांतपणे म्हणालीस, "म्हणजे रजा टाकून मी भंगाराला भेटायला येत होते." गन स्टँडवर ठेवलीस, पिशवी भरलीस. सोमवारची गाडी होती, ती सोडून रविवारच्या गाडीला गेलीस. मला नमस्कार केलास आणि त्याच्याकडे पाठ केलीस. डबा अजून तसाच उघडा आहे, पोटातलं सगळं दिसतंय. मी वरून धुतलेला फडका टाकलाय, धूळ बसू नये म्हणून.

तुला राग आला त्यात तुझी चूक नाही. मलाही आला होता, आणि तुझ्या आधी. माझ्या सुयांचं तुला माहीत आहे. डोळे अधू झाल्यापासून मला सुई ओवता येत नाही, म्हणून दर रविवारी तुझा बाप आठवड्याच्या सुया ओवून द्यायचा. काळ्या दोऱ्याच्या, पांढऱ्या दोऱ्याच्या, रांगेने उशीत खोचून. वजनकाटे दुरुस्त करणारा हात तो, दोरा असा जायचा जसा नाकात वास जातो. तर मध्यंतरी त्याने ते बंद केलं. वेळ नाही म्हणाला. वर बाजारातून सुई ओवायचं एक प्लास्टिकचं यंत्र आणलं आणि तुझ्यासारख्याच उत्साहाने मला समजावून सांगायला लागला, इथे सुई ठेवायची, इथे दोरा, हे दाबायचं, बघ आई, काय गंमत आहे. मी ते यंत्र खिडकीतून फेकायचं तेवढं बाकी ठेवलं. मला वाटलं, कंटाळला. म्हातारीच्या सुया कुठवर ओवायच्या माणसाने. मी चार दिवस त्याच्याशी धड बोलले नाही. ओळख पटतेय का काही?

त्याची हत्यारांची पिशवी पलंगाखाली आहे, केर काढताना दिसली. वर बोटभर धूळ. कामाला जातो तर पिशवीशिवाय? विचारलं तर म्हणाला, आता मला टेबल दिलंय, लोकांच्या तक्रारी लिहून घेतो, साहेब झालो. तुलाही तेच सांगितलं असेल, आणि तूही "वा बाबा" म्हणाली असशील.

सोमवारी सकाळी त्याचा चहा झाला तशी मी त्याच्यासमोर सुई ठेवली आणि दोऱ्याचं रीळ ठेवलं. म्हटलं, ओव. म्हणाला, यंत्र आहे ना. म्हटलं, यंत्र गेलं चुलीत, तू ओव. त्याने माझ्याकडे बघितलं, मग सुई उचलली. दोरा तोंडात घेऊन ओला केला, पूर्वीसारखाच. आणि मग तो उजवा हात, भुणभुणे, वाऱ्यावरच्या पानासारखा. दोरा सुईच्या डावीकडे जातोय, उजवीकडे जातोय, भोकाशिवाय सगळीकडे जातोय. त्याने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं तर दोन्ही हलायला लागले. मी थांब म्हटलं नाही. माझी छाती दगडाची आहे हे तुला माहीत आहे, पण तेवढा वेळ ती मलाही जड झाली. शेवटी त्याने सुई खाली ठेवली, हात मांडीखाली दाबून ठेवले आणि म्हणाला, "तिला सांगू नकोस. ती सगळं सोडून इथे येऊन बसेल." मी विचारलं, डॉक्टर? तर म्हणे, काय सांगतील ते ऐकायचं नाही. काटा वेळेवर दाखवला नाही म्हणून गिऱ्हाइकांना आयुष्यभर झापणारा हा माणूस! मी काही वचन दिलं नाही. भांडी घासायला उठले आणि नळ मोठा सोडला.

म्हणून हे पत्र. शनिवारच्या आत ये. रजा मिळत नसेल तर न विचारता ये. टोपीवाल्याची काळजी करू नकोस. डब्याची ती विजेची वीट, जिच्याशिवाय तो चालत नाही, ती मी पिठाच्या डब्यात तळाशी पुरून ठेवलीय, आणि ती मिळाल्याशिवाय टोपीवाला काही न्यायचा नाही, एवढं तुमच्या बोलण्यातून मला कळलंय. आलीस की रडायचं नाही. गळ्यातही पडायचं नाही, तो दुसऱ्या खोलीत निघून जाईल. टेबलाशी बसायचं, गन तापवायची, त्याचा हात आपल्या हातात धरायचा आणि शेवटचा डाग द्यायचा. वाकडा गेला तर जाऊ दे, पिवळ्या डब्याला रूपाचा गर्व थोडाच आहे. बटण दाब, किंचाळू दे त्याला, खालचा माणूस वर येऊ दे. दुसऱ्या दिवशी सकाळी आपण तिघं दवाखान्यात जाऊ. ते मी त्याला रिक्षात बसल्यावर सांगेन, आधी नाही. आणि दार उघडल्यावर तो विचारेल, अचानक कशी आलीस? तर त्याच्या हाताकडे बघू नकोस, सरळ माझ्याकडे बोट दाखव आणि सांग, हिच्या सुया ओवायला आले. ते खोटं नाही. उशी रिकामी आहे, आणि वरच्या बाईच्या नवऱ्याच्या तीन पँटी माझ्यापुढे पडल्यात.

आता खरंच जिना वाजतोय. चिकटवते.

तुझीच,
जिला सुईचं भोक तेवढं दिसत नाही, ती आजी