सात नंबरवरची पैज

१२ नोव्हेंबर १९९४, टॅम्पिनीस, सिंगापूर

पैज लावून बसले! तेव्हा हसले, आता पस्तावतेय.

मे महिन्यात प्रबोध जहाजाच्या इंजिनरूममध्ये घसरला, गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून आमचे चीफ इंजिनिअरसाहेब घरात – पाय स्टुलावर, डोळे टीव्हीवर. शैलेंद्र त्याचा ऑफिसातला मित्र; त्याचा भाऊ अमेरिकेतून फुटबॉलच्या कॅसेट बोटीने पाठवतो. तो हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायचा फुटबॉल. मलाही आता कळायला लागलाय. चेंडू आधी क्वार्टरबॅककडे येतो, त्याने मागे उभं राहून तो लांब फेकायचा. पण प्रबोधचा लाडका सात नंबर फेकतो कुठे? चेंडू काखोटीला मारून स्वतःच पळत सुटतो!

मी म्हटलं, हे किती दिवस चालणार? रोज एवढा मार खाऊन शरीर टिकतं का कुणाचं? प्रबोध पेटलाच. म्हणे, बाकीचे क्वार्टरबॅक चेंडू दुसऱ्याच्या हातात देऊन बघत उभे राहतात, म्हणजे दहाच जण खेळतात. हा पळतो म्हणून अकराच्या अकरा खेळतात. उद्या सगळे असंच खेळतील.

डॉक्टरने आता फिट म्हटलंय. कंपनी विचारतेय – जानेवारीत परत जहाज, की इथेच ऑफिसात बसून जहाजांची देखभाल? प्रबोध उत्तरच देत नाही. आज एकदम म्हणाला, "सात नंबर सीझनभर टिकला तर मी जहाजावर. मोडला तर ऑफिस."

सामने जुने, सप्टेंबरपासूनचे. पण इथल्या पेपरात त्यांची ओळसुद्धा येत नाही, म्हणजे निकाल दोघांनाही ठाऊक नाही. मी हो म्हटलं.

१४ नोव्हेंबर

आज सात नंबर तिघांना चकवून पळाला आणि मी टाळ्या वाजवल्या. किमया वहीतून मान वर न करता म्हणाली, "आई, यू चिअरिंग राँग साइड, लाह." चौथीतल्या पोरीलासुद्धा कळतं!

२० नोव्हेंबर

शैलेंद्र जेवायला होता. कोथिंबीरवड्या फस्त. त्याच्या मते हे पळणारे क्वार्टरबॅक फार दिवस दिसायचे नाहीत. एवढा महागडा खेळाडू, त्याला कुठला मालक रोज तुडवून घेऊ देईल? प्रबोध म्हणाला, मागे उभा राहिला तरी मार बसतोच, पळणाऱ्याला निदान येणारा दिसतो.

मी भांडी घासताना विचार करत होते. पद्धत टिकेलही. एक मोडला की दुसरा आणतील, तोही पळेल. एक इंजिनिअर पडला तरी जहाजं नाही का चालत? प्रबोधची जात तीच. हाताखालच्यांना सांगायचं सोडून स्वतः खाली उतरतो – म्हणून तर गुडघा गेला. मला पद्धतीशी काय करायचंय? मला माझा माणूस हवाय.

३ डिसेंबर

मोडला.

दोन बाजूंनी दोघे धडकले आणि पाय नको तिकडे वळला. स्ट्रेचर आलं. प्रबोधचा हात आपल्याच गुडघ्यावर गेला. तीन आठवडे मी मनातल्या मनात हेच मागत होते. आता जिंकले तर रडूच आवरेना. त्या पोराची आई कुठेतरी बसून हे बघत असेल ना!

४ डिसेंबर

स्टोअररूममधून त्याची जहाजाची बॅग काढली. म्हटलं, "पैज रद्द. कुणाचा पाय मोडून मला नवरा घरी नकोय. तुला समुद्र हवाय ना? मग जा."

वाटलं होतं, हरखून जाईल. नुसतं "बरं," म्हणाला. जेवला अर्धवट.

६ डिसेंबर

गोडा मसाला केला, बाटली बॅगेत ठेवली. तो माझ्याशी नीट बोलत नाहीये. एवढं मन मोठं केलं, तरी माझंच काय चुकलं?

१० डिसेंबर

शैलेंद्र कॅसेट न्यायला आला. प्रबोध खाली कॉफी आणायला गेला होता. मी सहज म्हटलं, बिचारा सात नंबर!

"हो ना. भावाने फोनवर सांगितलं तेव्हाच मी प्रबोधला म्हटलं होतं, ती कॅसेट बघू नकोस. दिवाळीच्या आधीची गोष्ट."

दिवाळीच्या आधी! आणि पैज दिवाळीनंतरची.

म्हणजे हरायचंच होतं त्याला. "मला घरी राहायचंय" एवढं तोंडातून निघेना, म्हणून.

तो येईपर्यंत बॅग रिकामी केली. म्हटलं, पैज म्हणजे पैज, मी जिंकलेय, मुकाट्याने ऑफिसात जायचं. माहीत असल्याचं दाखवलं नाही.

"बरं बाई, हरलो," म्हणाला. आणि पोटभर जेवला.