अडुसष्टवरचा काटा

बाबा,

त्या हिवाळ्यात तुम्ही खोटं बोलत नव्हतात, हे मला परवा कळलं. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली आणि मला हे परवा कळावं! तेव्हापासून माझं कशात म्हणून लक्ष नाही. कुकर लावते आणि शिट्ट्या किती झाल्या ते विसरते. उठते, हॉलवेत जाते, भिंतीवरच्या थर्मोस्टॅटकडे बघते, परत येऊन बसते. आईने दोनदा विचारलं, "काय गं, काय हरवलंय तुझं?" काय सांगू तिला? मला तुमचा राग आलाय आणि तो काढायला तुम्ही समोर नाही. म्हणून लिहायला बसले आहे.

देश सोडून आल्यावर ईडन प्रेरीचं ते घर आपण घेतलं तेव्हा मागे अजून मक्याची शेतं होती आणि अंगणातली झाडं माझ्याएवढी. वारा अडवायला काही म्हणजे काही नव्हतं. गॅसचं बिल आलं की तुम्ही मेलबॉक्सपासूनच ते फोडून वाचत यायचात आणि बर्फाचे बूट न काढता दारातच उभे राहायचात. "परत वाढवलं लेकाच्यांनी!" मग तडक हॉलवेत, थर्मोस्टॅटची ती गोल चकती जरा डावीकडे, आणि घर तापवणारा तळघरातला फर्नेस गप्प. आईचा पारा मात्र वर. हिवाळा लागायच्या आधी तुम्ही खिडक्यांना प्लॅस्टिक चिकटवून ते हेअर ड्रायरने ताणून बसवायचात, मी खाली उभी राहून चिकटपट्टी द्यायची. आई म्हणायची, "फ्रीजमध्ये पिशवीत बांधून कोथिंबीर ठेवतात, तसं ठेवलंय आम्हाला." तुम्ही म्हणायचात, "स्वेटर कशाला असतात मग?" ती सोलापूरची. साडीवर स्वेटर, त्यावर तुमचा जुना कोट, पायात दोन-दोन मोजे, अशी पोळ्या लाटायची आणि लाटता लाटता बोलत राहायची. दही लागायचं नाही म्हणून विरजणाचं भांडं ओव्हनमध्ये, आतला बल्ब लावून. "या घरात उबेला जागा एकच, आणि तीही दह्याला!" मला हसू यायचं. तुम्हालाही यायचं, पण तुम्ही पेपर वर धरायचात.

त्या वर्षी आईला बाळ व्हायचं होतं आणि सोलापूरहून आजी बाळंतपणाला आली. ऐन जानेवारीत. विमानतळाच्या दाराबाहेर पहिला श्वास घेतला आणि म्हणाली, "अगं बाई, नाकातलं पाणी गोठलं की!" बॅगेत डिंक, खारीक, बाळंतशोपा, बाजरीचं पीठ आणि तव्यावर गरम करून शेकायला मऊ सुती धडपे. घरात पाऊल टाकल्या टाकल्या तिने तुम्हाला विचारलं, "जावईबापू, बाळंतिणीला ऊब लागते. घर असंच गार ठेवणार का?" आणि तुम्ही, ज्यांच्याशी त्या चकतीवरून भांडून आई थकली होती, तुम्ही सगळ्यांसमोर ती फिरवून अडुसष्ट फॅरनहाइटवर ठेवलीत. "शब्द देतो. याच्या खाली नेणार नाही." मी बघत होते. आई तर बघतच राहिली.

आणि खरंच पहिले दिवस घर मस्त उबदार होतं. भाऊ झाला, घरी आला. आजी त्याला मांडीवर घेऊन तेल चोळायची, ओव्याची धुरी द्यायची. धुरीने एकदा स्मोक अलार्म कोकलायला लागला तेव्हा तुम्ही स्टुलावर चढून पेपरने वारा घालत होतात आणि आई पलंगावरून हसत होती. सोयर होतं म्हणून देवाला कोणी हात लावत नव्हतं. सोयर फिटलं, बारसं झालं, मराठी मंडळातले काका-काकू कागदी प्लेट घेऊन दाटीवाटीने बसले, पाळणा म्हटला. त्याच दिवशी आजीने देवांची अवस्था पाहिली. टॉवेलांच्या कपाटात, वरच्या फळीवर! "देव काय टॉवेल आहेत का?" मग तिने सांगितलं, नवस बोलले होते, बाळ सुखरूप झालं की बारशापासून सव्वा महिना होईपर्यंत अखंड दिवा. तुम्ही कधी देवापुढे हात जोडले नाहीत, पण चौरंग आणून तुम्हीच मांडलात. खाली स्टीलचं ताट ठेवलंत, आग नको लागायला. जागाही तुम्हीच शोधलीत: हॉलवेतली आतली भिंत, जिथे फर्नेसची गरम हवा सोडणाऱ्या व्हेंटचा झोत येत नाही. "इथे ज्योत हलणार नाही," तुम्ही म्हणालात. समई लावली. ज्योत खरंच हलली नाही. तिच्या वर हातभरावर, त्याच भिंतीवर, थर्मोस्टॅट होता.

आता वाचताना कोणालाही कळेल. आपल्यापैकी कोणाला कळलं नाही. बारशानंतर घर गार पडत गेलं. आधी आजी म्हणाली, पायाला कळतंय. मग आई म्हणाली, बाळाचे हात गार लागतायत. तुम्ही उठून जायचात, थर्मोस्टॅटवरचा घराचं तापमान दाखवणारा काटा बघायचात आणि परत यायचात. "अडुसष्ट. काटा अडुसष्टवर आहे. या, स्वतः बघा." आई येऊन बघायची, काटा तिथेच असायचा. मग तिने ठरवून टाकलं की आम्ही झोपल्यावर तुम्ही कमी करता आणि उठायच्या आत परत फिरवून ठेवता. "पाहुणे यायचे होते तोवर ऊब होती. पाहुणे गेले, बारसं झालं, लगेच गार. मला काय कळत नाही?" तुम्ही म्हणालात, "हा तुमच्या मनाचा खेळ आहे." बाबा, किती वाईट बोललात ते! दुसरं एक साधं थर्मामीटर आणून पाळण्याजवळ ठेवावं, हे तुमच्यासारख्या इंजिनियरला सुचू नये? सुचलं असतं हो. पण त्यासाठी बायको म्हणते ते खरं असू शकेल, असं आधी धरून चालावं लागलं असतं. काट्यावर तुमचा विश्वास होता. गार पडलेल्या पायांवर नव्हता.

मग बाळाची छाती भरली. श्वास घेताना त्याच्या बरगड्यांमध्ये खळगे पडायला लागले आणि आपण त्याला घेऊन हॉस्पिटलात गेलो. तिथली डॉक्टरीणबाई आईला विचारते आहे, घर पुरेसं गरम असतं ना? आणि आईने तोंड उघडायच्या आत तुम्ही सांगता, "सिक्स्टी-एट." आई तुमच्याकडे वळून बघते. मी खुर्चीत जाडजूड कोट घालून बसले आहे आणि तिची ती नजर मला अजून दिसते. तिच्यात भांडण नव्हतं. भांडण संपल्यावर जे उरतं ते होतं. तो बरा होऊन घरी आला, आणि गाडीतून उतरायच्या आधीच तिने तुम्हाला सांगितलं, "पोर गुदमरत होतं आणि तुम्ही आकडे सांगत होतात. सव्वा महिना झाला की मी आईबरोबर सोलापूरला जाते. मुलं माझ्याबरोबर. परत यायचं तिकीट काढू नका. तुम्ही राहा तुमच्या अडुसष्टबरोबर." गाडीतला हीटर चालू होता, आणि मला तिथून उतरायचंच नव्हतं.

आईने खरंच बॅगा काढल्या. माझी शाळेची पुस्तकं न्यायची की नाही, यावरही बोलणं झालं. मला सोलापूरला जायचं नव्हतं, आणि तुमच्याजवळ राहायचंही नव्हतं, कारण मलाही तुम्ही खोटारडेच वाटत होतात.

एका शनिवारी सकाळी सोलापूरहून फोन आला. आजीचे धाकटे दीर गेले होते. आजी फोनपाशीच खाली बसली. थोड्या वेळाने म्हणाली, मला सुतक, मी देवाला शिवायची नाही. आई बाळंतीण. मी लहान, मला दिव्याला हात लावायची बंदी. आणि तुम्ही बाहेर ड्राइव्हवेतला बर्फ उपसत होतात. समईत तेल घालायला उरलं कोण? दुपारपर्यंत ज्योत बारीक झाली आणि गेली. नवस मोडला म्हणून आजी आणखी रडली. आम्ही सगळ्या एका गोधडीत बसलो होतो. आणि मग तळघरात फर्नेस गुरगुरला. चालू झाला तो थांबेचना. व्हेंटमधून गरम हवा आली, खिडकीवरचं प्लॅस्टिक फुगलं, बाळाने मुठी उघडल्या. आजीने डोळे पुसले. "बघ गं, मघा हातमोजे बदलायला आत आला तेव्हा जावयाने वाढवलं. माणूस वाईट नाही. दुसऱ्याचं दुःख कळतं त्याला."

तुम्ही आत आलात, टोपीवर बर्फ तसाच. आई उठून हॉलवेत गेली आणि म्हणाली, "इतकं सोपं होतं, अहो. मग बाळाला दवाखान्यात न्यायची वेळ येईपर्यंत का थांबलात?" तुम्ही तिच्याकडे बघितलं नाही. थर्मोस्टॅटकडे बघितलंत. चकती अडुसष्टवरच होती, काटा मात्र कितीतरी खाली होता. तुम्ही भिंतीवर तळहात ठेवला. मग खाली वाकून समईची काळी वात बघितलीत. बराच वेळ. मला वाटलं, तुम्हाला आजीच्या दिराचं वाईट वाटतंय. मग तुम्ही आईला म्हणालात, "चुकलं माझं."

बस, इतकंच. आई तिथेच रडायला लागली. बॅगा परत माळ्यावर गेल्या. आजीचं सुतक फिटायच्या आत तुम्ही गराजमध्ये करवत घेऊन बसलात आणि देवांसाठी डायनिंग रूममध्ये छान फळी केलीत. आजीने विचारलं, हॉलवेत काय वाईट होतं? तुम्ही म्हणालात, "येता-जाता धक्का लागतो." तिथे तिने परत दिवा लावला आणि नवस पुरा केला. तुम्हाला मात्र कायमचं नाव पडलं. सगळे एकेक पदार्थ घेऊन येतात त्या मंडळाच्या पॉटलकमध्ये आई दरवर्षी ती गोष्ट सांगायची, आमचे हे चोरून हीट कमी करायचे बरं का, आणि काका मंडळी विचारायची, "काय साहेब, आज किती?" तुम्ही हसायचात. तुमच्या शेवटच्या आजारात मी तुमचं पांघरूण सारखं करत होते तेव्हाही ती नर्सला तेच सांगत होती, आणि तुम्ही हसलात.

परवा माझ्या घरात आई कुरकुरत होती, गार लागतंय. मी नवऱ्याला म्हटलं, तू कमी केलंस ना? तो म्हणाला, हात लावला नाही, सत्तर दाखवतंय. मी म्हटलं, "खोटं बोलू नकोस!" अगदी आईच्या सुरात. तणतणत हॉलवेत गेले, आणि तिथे मार्गशीर्षाचा गुरुवार म्हणून आईने कोनाड्यातल्या टेबलावर, थर्मोस्टॅटच्या अगदी खाली, समई लावून ठेवली होती. भिंतीवर तळहात ठेवला तर भिंत गरम. थर्मोस्टॅट घराची नाही, दिव्याची ऊब मोजत होता.

का बोलला नाहीत, बाबा? आजी जन्मभर म्हणत बसली असती, माझ्या दिव्याने नातवाला दवाखाना दाखवला, म्हणून? की तो चौरंग तुम्ही स्वतः तिथे मांडलात आणि इंजिनियर असून तुम्हाला कळलं नाही, याची लाज वाटली म्हणून? एक मन म्हणतं, केवढा मोठेपणा! दुसरं म्हणतं, कसला मोठेपणा, स्वतःची चूक कायमची झाकलीत. आणि त्यापायी आईने उरलेला सगळा संसार अशा माणसाबरोबर केला, ज्याने पोटच्या पोराला गारठवलं असं तिला वाटत होतं. ते ओझं तिने का वाहायचं? मला याचा भयंकर राग येतो. थोड्या वेळाने तुमचा तो तळहात आठवतो आणि रडू येतं. रात्रंदिवस माझं हेच चाललंय.

नवऱ्याची माफी मागून झाली. मी समई उचलली आणि खिडकीजवळ नेली. आई म्हणाली, "अगं, तिथेच बरी होती की." तोंडातून निघून गेलं, "येता-जाता धक्का लागतो गं." फर्नेस चालू झाला. आईने शाल सैल केली. "बघ, वाढवलंस तर कसं बरं वाटतंय. तुझे बाबा असते तर..." आणि सगळी गोष्ट पहिल्यापासून. हे पत्र लिहायचं ते तिला वाचून दाखवायला, असं मी तेव्हाच ठरवलं होतं. आता सगळं लिहून झालंय आणि ती पलीकडच्या खोलीत जागीच आहे, टीव्ही लावलाय. वाचून दाखवणार नाही. ती ऐंशी पार केलेली बाई, तिच्या आईने लावलेला दिवा आहे तो.

परवा गोष्ट संपवून ती म्हणाली, "नशीब, तू बापावर नाही गेलीस. पण आधी का नाही वाढवलंस?"

मी म्हटलं, "चुकलं माझं, आई."