मापाचं ब्लाऊज

सोमवार, ५ मे

सकाळपासून समोर सुलूची मशीन चालू. मोटरवाली, नुसती घुं घुं करते. माझी पायानं चालते, तरी कान तिकडेच. सुलू माझी धाकटी जाऊ. तीस वर्षं पर्स अन् डबा घेऊन मालेगावहून वाशीमच्या बसनं हापिसात गेली, अन् आता पेन्शनीत बसून ब्लाऊज शिवते. म्हणते, "वेळ जात नाही, बाई." मला नोकरी नव्हती म्हणून मी मशीन धरली. स्वतःच्या लग्नातलं ब्लाऊज तीनदा उसवून तीनदा शिवलं, तशी शिकली. हिला सगळं होतं. हिनं काहून धरली?

हिला शिकवलं मीच. तेही लिहून ठेवते.

बुधवार, ७ मे

तिच्या ओसरीत पाच जोड चपला. माझ्या दारात माझीच. तिच्याकडे कूलर आहे, बायका माप देता देता गार होतात.

मंदाबाई जाताना थांबली. "तुमच्या जाऊबाई गळा लय मस्त पाडतात व."

म्हटलं, कात्री धरायला मीच शिकवली. हसली. म्हणे, "मंग तर तुमाले आनंदच अशीन."

हाव, लय आनंद.

दुपारी सु.ला कैरीचं पन्हं पाठवलं. राग एकीकडे, ऊन एकीकडे.

शुक्रवार, ९ मे

कमल आली. बावीस वर्षांचं गिऱ्हाईक. तिच्या पोरीचं, प्रणालीचं, लग्न अठराला. नवरीची पांढरी साडी कमल कधी आणते, याची मी महिनाभर वाट पाहून राह्यली होती. आज हातात पिशवीच नव्हती.

"काकू, प्रणूचं मापाचं ब्लाऊज तुमच्यापाशी हाये न? थे द्या जरा."

"कायले?"

"सुलूताईले द्याचं हाये. पोरीले मोबाइलातल्यासारखा गळा पायजे म्हणते. तुमी राग नका मानू."

राग कायचा, म्हटलं. पेटीत हात घातला. वरच होतं, निळं, हाताला लागलं. त्याच्यावर दोन उशीचे अभ्रे सारले.

"सापडत नाही व. पाहून ठेवते."

सासष्ट वर्षांची बाई मी. अभ्रे सारते.

रविवार, ११ मे

ब्लाऊज पेटीतच. बाईचं जुनं ब्लाऊज आपल्या पेटीत आहे तोवर ती कुठं जात नाही, इतकी वर्षं हेच पाहिलं. पोरगी पुण्याला नोकरीत, लग्नाच्या आदल्या दिवशी येणार. मोजायला अंग नाही अन् ब्लाऊजही नाही. मला वाटलं, कमल आता कापड घेऊन माझ्याकडेच येईल.

आली नाही. सु.नं पुण्याला फोन लावला, पोरीच्या मैत्रिणीकडून टेपानं मापं घ्यायला लावली. कागदावर उतरवून घेतली. हापिसात राहून माणूस असं हुशार होतं का, कोण जाणे.

पण टेपाला खांदा कळत नाही. प्रणाली सहा वर्षांची असताना झोक्यावरून पडली, हाड मोडलं. जुळलं, पण डावा खांदा जरा खाली बसला. पडली हे कमलला आठवतं, खांदा उतरला हे तिच्या ध्यानात नाही. शाळेच्या ड्रेसपासून मी डावी बाजू अर्धा इंच उतरवत आली. कोणाला सांगितलं नाही, कोणी विचारलं नाही. काकूचं ब्लाऊज बसते, बस एवढंच.

निळ्या ब्लाऊजात ते सगळं आहे.

बुधवार, १४ मे

सु. आली. पांढरं रेशमी ब्लाऊज माझ्या मांडीवर पसरलं. गळ्याला बारीक मोती.

"बाई, पाहून द्या न. पह्यल्यांदा नवरीचं शिवलं. मले झोप नाही दोन दिवसापासून."

उलटं करून पाहिलं. टाका माझ्यापेक्षा बारीक. चूक शोधायला चष्मा पुसला. कुठं काही नाही. फक्त दोन्ही खांदे एकसारखे.

तेव्हाच सांगायचं होतं. तोंडापर्यंत आलं अन्

"छान झालं," म्हटलं.

ती वाकून पाया पडली.

शुक्रवार, १६ मे

काल घास गेला नाही. पोरगी दिवसभर मंडपात उभी राहणार अन् खांद्यावरून ब्लाऊज वर ओढत बसणार, हेच डोळ्यापुढं. त्या पोरीनं माझं काय केलं?

दुपारी निळं ब्लाऊज पिशवीत घातलं अन् रस्ता ओलांडला. सु. ज्वारी निवडत होती. मशीनवर ठेवलं, खांद्याचं सांगितलं. तिनं निळं पांढऱ्यावर ठेवून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"कवा सापडलं, बाई?"

"आज."

"हं."

दोघी उसवायला बसलो. खांदा उतरवला, बाही सोडून पुन्हा बसवली. रेशमावर सुईचं एकेक भोक दिसते. ओला कपडा टाकून इस्त्री फिरवली, नखानं धागे सरकवले. अर्धी भोकं बुजली, अर्धी राहिली.

"डावीकडे पदर येते. झाकून जाईन," सु. म्हणाली.

शनिवार, १७ मे

पोरगी आली. सु.कडे घालून पाहिलं. हसण्याचे आवाज इकडे आले. बसलं असेल. मला कोणी बोलावलं नाही, मीही गेली नाही.

रविवार, १८ मे

विहारासमोर मंडप. पोरगी उभी राहिली तर अंगावर एक सुरकुती नाही. डोळे भरले माझे.

जेवताना कमल सु.च्या खांद्यावर हात ठेवून बायकांना सांगत होती, "हे आमच्या सुलूताईनं शिवलं. मापाचं ब्लाऊज नाही, काही नाही, नुसतं फोनवर."

"खरंच व?"

"मंग. पाहा न कसं बसलं."

मी तिथंच, ताट घेऊन. सु.नं माझ्याकडे पाहिलं. खांदा कोणी उतरवला हे ती सांगू शकत होती. पण मग कशावरून कळलं, हेही निघालं असतं. तिनं पदर सावरला. "हाव, बसलं बाप्पा."

खांदा माझा होता. इतक्या वर्षांत त्याचं कौतुक आजच झालं, तेही तिचं. मला तोंड उघडता येईना, अन् तिनं तिचं मिटलं ते माझ्यासाठी. ते जास्त जळलं.

मंगळवार, २० मे

आता सु. दारात येऊन गेली. उंबऱ्याच्या आत आली नाही.

"कमलची नणंद आली, बाई. चार ब्लाऊज हायेत. अंग भारी हाये तिचं, मले तसं जमत नाही. तुमच्याकडे पाठवू, का मीच पाहू कसंतरी?"

मी सुईत दोरा ओवत बसली.

"मी बसवते तिले, चहा टाकते. सांगा तुमी."

खरंच जमत नाही हिला? का कीव करते? पाठव म्हणावं तर तिची मेहेरबानी. तूच घे म्हणावं तर जीव होत नाही. अन् कमलला अभ्र्यांचं सांगून टाकावं, तर ती नणंदेला इकडे येऊच देणार नाही.

समोर कूलर चालू आहे. नणंदेचा चहा होत आला असेल. सु. दोनदा दाराशी येऊन इकडे पाहून गेली. मी लिहून राह्यली.