रघूच्या पायाचा कौल

६ फेब्रुवारी १९८३

रघू विमान घेऊन आला! माझा नातू, काशीरामचा धाकटा — स्वतः चालवत! मुंबईहून कंपनीच्या साहेबाला सोडायला आला. विमान इवलंसं, नाकतोडाच म्हणा. बघायला अख्खी वाडी सड्यावर, त्या उघड्या माळावर. मला उचलून आत बसवलंन्. "गो आजी, कुठे सोडू? गणपतीपुळ्याला?" म्हटलं, मेल्या, आधी खाली उतरव, कोंबड्या झाकायच्या राहिल्यात! शेजारची सोनूबाई जळली असेल. जळू दे.

७ फेब्रुवारी

सकाळी परत निघाला. साहेब इथेच राहायचा होता, विमानात रघू एकटाच. वर गेलं, मी हात हलवत होते. काजीच्या झाडांवर पोचलं नि इंजिनच बंद! बागेतला पंप बंद पडतो ना, तसं. कावळे ऐकू यायला लागले. मग पडलं.

इस्पितळात आहे. शुद्ध नाही.

९ फेब्रुवारी

एका पायाचा गुडघ्याखाली चुरा झालाय. डॉक्टरीणबाई म्हणते, पाय काढायला हवा, नाहीतर विष अंगभर चढेल. घरच्या कोणाचीही सही चालेल. काशीराम म्हणाला, "देवाला विचारल्याशिवाय नाही." बरोबरच आहे. आमच्याकडे लग्न असो, विहीर असो, कौल लावल्याशिवाय काही होत नाही. विहिरीला तर तीनदा लावला होता, सासरे होते तेव्हा. पाणी गोड लागलं!

१० फेब्रुवारी

भागोजी गुरवाने देवाच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवल्या. गाऱ्हाणं घातलंन् — "पाय कापायला तुझा हुकूम असेल तर उजवी दे!" सगळे म्हणाले, "होय म्हाराजा!"

डावी पडली. पुन्हा लावली. पुन्हा डावी.

काशीराम रडला — आनंदाने! "बघ आये, देव पाय राखणार!" मीही नारळ वाढवला.

११ फेब्रुवारी

पाय काळा पडलाय. वास येतो. डॉक्टरीणबाई ओरडली, "आजी, पोरगा जाईल हातचा!" काशीराम तिला म्हणतो, "देवापेक्षा तुम्हाला जास्त कळतं?" देवाचा शब्द मोडला तर घराचं वाटोळं होतं, हे मीच त्याला लहानपणापासून सांगत आले. आता तोच मला सांगतो.

 

१२ फेब्रुवारी

तापात बरळतो. "चाकं टेकली का?" विचारतो. लागोपाठ तेच. मी म्हणते, टेकली रे बाळा, टेकली.

१३ फेब्रुवारी

काशीराम चहाला खाली गेला. मी सही केली. रघूला आत नेलं.

देवाला पुन्हा विचारलं नाही.